लेकरांची वाट

लोक आपली लेकरं येशूकडे आणत होते आणि शिष्य त्यांना दटावत होते. येशूला राग आला तो शिष्यांचा. मार्काच्या शुभवर्तमानातला हा प्रसंग मी आई झाल्यापासून मला वेगळाच दिसतो. ते शिष्य भक्तच होते. आपल्या गुरूला उपद्रव नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. तरीही लेकरं आणि प्रभू यांच्या मध्ये तेच उभे राहिले. भक्तीच्या भरात आईबापही असेच मध्ये उभे राहतात. ‘खोटं बोललास तर देव शिक्षा करील,’ असं बोलून जातात आणि ज्याला हाक मारायची, त्याचीच लेकराला धास्ती बसते.

आमच्या घरी रात्री कौटुंबिक प्रार्थना होते. कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन, शास्त्रातला एक उतारा, मग ज्याची त्याची प्रार्थना. धाकटीच्या प्रार्थनेत गल्लीतलं लंगडं कुत्रं असतं, रुसलेली मैत्रीण असते. थोरला विचारतो, ‘देवाला सगळं ठाऊक आहे, तर मागायचं कशाला?’ मी त्याला गप्प करत नाही. बारा वर्षांचा येशूही यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारत होता. त्याला शोधून कासावीस झालेल्या मरीयेला त्याचं उत्तर उमगलं नाही. तिनं ते मनात जपून ठेवलं. न उमगलेलं जपून ठेवणं, हेही आईपणच.

घर, शेत, आडनाव वारशानं मिळतं. श्रद्धा मिळत नाही. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मागोमाग गेल्या नाहीत. ताटातूट सोसत, सोवळंओवळं मनातून उतरवत, १९०० साली त्या आपल्या पायांनी तिथवर आल्या. पुढे त्या दोघांच्या घरानं किती पोरक्या लेकरांना आसरा दिला! प्रीतीचं शास्त्र त्या मुलांना कुणी समजावलं असेल-नसेल, पण ताटात वाढलेली प्रीती त्यांनी पाहिली.

म्हणून आईबापांनो, मुलांकडून स्तोत्रं जरूर पाठ करून घ्या, रविवारी त्यांना उपासनेला न्या. भांडण झालं, तर त्यांच्यादेखत एकमेकांची क्षमा मागा. आणि लेकरं आपणहून प्रभूकडे निघाली, की वाटेतून बाजूला व्हा.