उजेडाची बाजू

आमच्या गावच्या गणपतीच्या शाळेत काका खिडकीला डावा खांदा देऊन बसत. आषाढातल्या ढगांतून गाळून आलेला उजेड सोंडेच्या वळणावर एका अंगाने पडे. शाडूला कुठे चढ राहिलाय, कुठे खळगा, ते त्या तिरप्या उजेडातली बारीक सावली दाखवून देई. डोळ्यांची आखणी काका सकाळीच करत. दिवेलागणीला कुंचले धुऊन ठेवलेले असत. मातीचा नाद मला तिथे लागला, आणि उजेडाचाही.

नोकरीसाठी मुंबईला आल्यावर रात्रच तेवढी माझी उरली. खोलीत साठचा बल्ब होता. त्याच्या पिवळ्या उजेडात पांढरा आणि फिकट पिवळा रंग जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून रात्री नुसतं मातीकाम करायचं आणि पीतांबर रविवारी दुपारी रंगवायचा, असा नेम पडला. पुढे ट्यूबलाइट आली. खोली लख्ख झाली, पण लांब नळीचा उजेड सगळीकडे पसरतो. सावल्या विरल्या आणि गणपतीचं पोट पाटासारखं सपाट दिसू लागलं. शिवाय जुन्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते जाणवत नाही, पण डोकं जड होतं. मग कोपरात वाकणारा टेबललॅम्प आणला, डावीकडे ठेवला आणि ट्यूब मालवली. मूर्तीला पुन्हा गोलाई आली.

तेव्हा मनात पक्कं बसलं, की सावल्या दोन असतात. हाताची सावली काम झाकते, मूर्तीची सावली काम दाखवते. पहिली टाळायची, दुसरी जपायची. दिव्याची जागा त्यावरून ठरते.

आता साठी उलटली आहे. या वयात बाहुली आक्रसते, भिंग पिवळसर होतं. विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड आत पोचतो. त्यावर मोठा दिवा घेण्याआधी आहे तो दिवा जवळ ओढावा. छोटा दिवा दोन फुटांवरून एका फुटावर आणला, की उजेड चौपट होतो. एलईडी घेताना मी वॅटच्या आधी सीआरआय बघतो. रंग किती खरे दिसतील याचं ते माप; साध्या दिव्यांचं ८० च्या आसपास असतं, मी ९० च्या वरचा घेतो. साध्या एलईडीत तांबडा कमी पडतो, आणि आपल्या मूर्तीत तर सोवळं, शेला, तळव्यांची लाली, सगळा तांबड्याचाच कारभार.

दिवसाच्या कामाला उत्तरेची खिडकी उत्तम, असं चित्रकार सांगतात. मुंबईत मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्यच उत्तरेला असतो, आणि गणपतीची घाई नेमकी त्याच सुमारास. ढग असले की प्रश्न नाही. उघडीप पडली, की मी खिडकीला पातळ पांढरं धोतर लावतो. ऊन मऊ होतं, पण त्याची दिशा शाबूत राहते.

यंदा नातही माती मळायला बसली. ती डावखुरी. तिच्या पाटाशी मी दिवा उजवीकडे लावून दिला. तिच्या उंदराचे कान तिला नीट दिसायला हवेत.