धर्माचा रकाना

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत एका कॅथलिक मैत्रिणीविषयी लिहिणे काही वाचकांना अस्थानी वाटेल. तरीही लिहिते आहे. निवासी शाळेत पहाटेची घंटा होते, मुली रांगेत बसतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि मग दिवस सुरू होतो. बारावीचा दाखला हाती पडला की ती घंटा थांबते. यापुढे उठवणारे कोणी नाही आणि विचारणारेही कोणी नाही. अशा वेळी मुलीजवळ श्रद्धेचे नेमके काय उरते, हा प्रश्न मला तीस वर्षांच्या अध्यापनात सतत पडत आला आहे. तो प्रथम पडला तो मात्र आपल्या विहारात नव्हे, तर महाविद्यालयाच्या वसतिगृहात, त्या मैत्रिणीच्या सहवासात.

1987 साली आम्ही एका खोलीत राहायला आलो. ती सिस्टरांच्या शाळेत शिकलेली. तिच्या पणजोबांना छप्पनच्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयाने जगवले होते. मूळ घराणे आमच्यासारखेच, गावकुसाबाहेरचे. रविवारी भल्या सकाळी ती सदरमधल्या कॅथेड्रलला मिस्सेसाठी चालत जाई. रात्री दिवा मालवल्यावर जपमाळेचे मणी सरकल्याचा बारीक आवाज येई. उपवासकाळातल्या शुक्रवारी मेसमध्ये मटण असले, की तिची वाटी माझ्यापुढे येई. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. तिने मला एकदाही येशूविषयी उपदेश केला नाही. मीही तिला बावीस प्रतिज्ञा समजावायला गेले नाही. परंतु परीक्षेच्या आदल्या रात्री खालच्या खोलीतील मुलगी तापाने फणफणली, तेव्हा पुस्तक मिटून रात्रभर तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवणारी हीच होती. आमच्या धम्मात जिला करुणा म्हणतात, ती मी पुस्तकाआधी त्या रात्री पाहिली.

इतिहासाच्या विद्यार्थिनीला येथे एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. जाईबाई चौधरी या आपल्या नागपूरच्या. नागपूर-कामठी वाटेवर डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या या बाईंना लिहिता-वाचता येते, हे ग्रेगरी नावाच्या मिशनमधल्या सिस्टरने हेरले आणि त्यांना मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिका नेमले. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी मुले काढून घेतली आणि जाईबाईंची नोकरी गेली. पुढे 1922 मध्ये त्यांनी स्वतःच मुलींची शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावाने. एका परक्या जोगिणीची दृष्टी आणि त्याच व्यवस्थेची माघार, या दोन्ही गोष्टी एकाच कथेत आहेत. मला दोन्ही सांगाव्याशा वाटतात. एकच सांगणे हा इतिहास नव्हे.

1988 साली केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिकांच्या जागा निघाल्या. आम्ही दोघींनी अर्ज आणले. त्यातला धर्माचा रकाना आजही डोळ्यांपुढे आहे. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा लाभ केवळ हिंदूंना होता. 1956 मध्ये त्यात शीख आले. बौद्ध नव्हते, ख्रिस्ती नव्हते. राज्यात आम्हां बौद्धांना सवलती मिळत होत्या, केंद्रात नाही. काका म्हणाले, “कागदावर हिंदू लिहून टाक न पोरी, मनात कोन पाह्यते?” काकांना दोष देऊ नये, त्यांच्या पिढीतल्या कित्येकांनी लेकरांच्या पोटासाठी तसे लिहिले. वडील मात्र 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर उभे होते. सवलती जातील या भीतीला बाबासाहेबांनी दुसऱ्याच दिवशीच्या भाषणात उत्तर दिले होते, ते त्यांना मुखोद्गत होते. ते एवढेच म्हणाले, “मी तिथं उभा होतो, तो काय हे लिहायला?” मी ‘बौद्ध’ लिहिले.

मैत्रिणीने ‘ख्रिस्ती, रोमन कॅथलिक’ लिहिले आणि जातीच्या रकान्यात आडवी रेघ मारली. खिडकीवरच्या बाबूंनी विचारले, “मूळची जात?” ती म्हणाली, “आमच्यात नसते.” बाबू हसले. तिला बोलावणे आले नाही, मलाही आले नाही. ती परिचारिकेच्या प्रशिक्षणाला गेली, मी एम.ए.ला.

“आमच्यात नसते” हे तिचे वाक्य तिच्या श्रद्धेचे होते, वस्तुस्थितीचे नव्हे, हे तिलाही ठाऊक होते. तेविसाव्या वर्षी तिच्यासाठी स्थळे येऊ लागली, तेव्हा एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या घरांतून पहिला प्रश्न तोच आला : मूळचे कोण? बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना चर्चमध्ये शिरलेल्या जातीवर नेमके बोट ठेवले होते. भारतातील कॅथलिक बिशपांनी दलितांविषयीचे धोरण जाहीर करून हे दुखणे मान्य केले ते 2016 मध्ये. आपणही फार ताठ होऊ नये. आपल्याकडच्या वधू-वर परिचय मेळाव्यांत पोटजात कुजबुजत्या आवाजात विचारली जाते, हे आपण सर्व जाणतो.

तिने दोन स्थळे त्या प्रश्नापायीच नाकारली. चर्च सोडले नाही. मी रागाने विचारले, “मग तिथं जातेस कशाला?” ती म्हणाली, “चर्च काही त्या दोन घरांचं नाही. मी उठून गेले, तर त्यांचंच होईल.” या उत्तरावर मी पुष्कळ वाद घातला असता, पण तिची रात्रपाळी होती.

1990 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने कायदा बदलला आणि बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा हक्क मिळाला. बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले त्याच वर्षी. आमच्या वस्तीत मिठाई वाटली गेली. मी पेढे घेऊन तिच्या रुग्णालयात गेले. तिने मनापासून अभिनंदन केले, पेढा कपाळाला लावून खाल्ला. दोन वर्षांपूर्वी एकाच खिडकीवरून परतलेल्या आम्हां दोघींपैकी एकीसाठी आता ती खिडकी उघडली होती. त्या दिवशी आम्ही दोघीही त्याविषयी बोललो नाही. बसमध्ये परतताना मला आनंद झाला होता आणि तो पुरा होत नव्हता.

पुढे 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला गेला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात स्थान आहे, अनुसूचित जातींत नाही. दलित ख्रिस्ती 10 ऑगस्ट हा काळा दिवस म्हणून पाळतात. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? आपल्यातल्या काहींना वाटते की त्यांना वाटा दिला तर आपला कमी होईल. ही भीती खोटी नाही, वाट्याचा हिशेब मांडलाच पाहिजे. परंतु आपल्या माणसांना चौतीस वर्षे जे ऐकावे लागले, “धर्म बदलला ना, मग जात कुठली?”, तेच वाक्य आपण दुसऱ्याला ऐकवावे, हे मला मान्य नाही.

दरवर्षी जून महिन्यात आपल्या बारावीच्या मुली अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. जात महार, धर्म बौद्ध, असे त्या न अडखळता लिहितात. मी त्यांना 1988 चा तो रकाना सांगते, काकांचे सांगते, वडिलांचे सांगते आणि त्या रेघेचेही सांगते. यंदा एकीने विचारले, “मॅडम, त्या मावशी अजून जातात का चर्चमध्ये?” जातात. निवृत्तीला थोडी वर्षे उरली आहेत. रात्रपाळी संपली की घरी जाण्याआधी सहाची मिस्सा, आणि रविवारी दुपारी वस्तीतल्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग.