हैफाऐवजी रामले

एलियाहू हान्नाबीच्या गुहेला जायचं म्हटलं की आमच्या लोदच्या मंडळींना निराळाच हुरूप येतो. कोकणात असताना वडीलधारी माणसं तु बिश्वातला अलिबागजवळच्या खंडाळ्याला जात. तिथे खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथेच मलिदा होई. इथे आल्यावर ती जागा हैफाच्या गुहेने घेतली.

यंदाही तु बिश्वातनंतरचा बुधवार ठरला. आदल्या रात्री घरोघरी पुऱ्या तळल्या, पोहे-खोबरं वेगळं बांधलं. सकाळी सात वाजता आम्ही तेवीस जण रस्त्यावर हजर. बस मात्र नाही! साडेआठला फोन आला, बस वाटेत बंद पडली, दुसरी साडेअकरापर्यंत मिळेल. तेवढ्या उशिरा निघून, गुहेच्या पायऱ्या चढून, मलिदा करून परत कधी येणार? निम्म्या मंडळींचे गुडघे दुखतात, त्यामुळे ट्रेनचा विषय निघाला तसा मिटला.

रेवदंड्याच्या आमच्या एक मावशी पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या. पिशवीत नवसाचा नारळ होता. त्यांचा नातू मिलुइमला गेला होता, तो सुखरूप घरी आला, म्हणून गुहेला बोललेला. वय एक्क्याऐंशी. पुढच्या खेपेला जमेल की नाही, हे कोणी तोंडाने बोललं नाही.

शेवटी कोणीतरी म्हणालं, डबे भरलेत, आज रामलेचा बुधवारचा बाजार आहे, चला! साध्या बसने पोहोचलोसुद्धा.

रामले म्हणजे आपल्याला शेजारचं गाव. भाजी घ्यायची, मसाला घ्यायचा नि परत यायचं, एवढीच ओळख. त्या दिवशी पहिल्यांदाच घाई नव्हती. मेथीच्या जुड्या निवडत बसलो, कढीपत्ता चुरगाळून वास घेतला. बुखारी बायकांकडची गोल भाकरी गरम गरमच संपली. भेंडीच्या भावावरून आमच्या एका काकूंनी हिब्रूत सुरुवात केली, राग आल्यावर मराठीत गेल्या. दुकानदार हसला आणि शेकेल कमी केला!

मग कमानींच्या तळ्याला गेलो. इतकी वर्षं इतक्या जवळ राहून आमच्यातल्या बहुतेकांनी ते पाहिलंच नव्हतं. जमिनीखाली दगडी कमानींचं पाण्याचं टाकं आहे, हारून अल रशीदच्या काळात, सन ७८९ मध्ये बांधलेलं. छताला भोकं ठेवलीत, वरून एकाच वेळी पुष्कळ लोकांना बादल्या सोडता याव्यात म्हणून. आता त्याच भोकांतून उजेडाचे कवडसे पाण्यावर पडतात आणि खाली चक्क होडीत बसून फिरता येतं.

मुंबईच्या गोदीत काम केलेले आमचे काका वल्ही घेऊन बसले. होडी दोनदा खांबाला आपटली. "रेवसच्या खाडीत असं नव्हतं होत," म्हणाले. मावशी वर बघत होत्या. "आमच्या विहिरीवर एकच रहाट होता. इथे भांडणं झाली नसतील," एवढंच बोलल्या. सकाळपासूनचं ते त्यांचं पहिलं वाक्य.

पांढरा मनोरा १३१८ सालचा आहे, चढायचं कोणी नाव काढलं नाही. बाहेरूनच बघितला.

दुपारी बागेत झाडाखाली चादरी पसरल्या. मिनियान होताच. तबकात पोहे, खोबरं, साखर, वेलची आणि बाजारातलीच ताजी फळं. एलियाहूचं गाणं सुरू झालं तेव्हा शेजारच्या बाकावरची दोन मोरोक्कन म्हातारी माणसं उठून आली, आमेन म्हणाली आणि मलिदा दोनदा मागून खाल्ला.

मावशींना सगळ्यांनी म्हटलं, इथेच नारळ फोडा. काका म्हणाले, "एलियाहू काय हैफातच बसतो का? सुंतेला खुर्ची मांडतो, तिथे येतोच ना?"

"येतो," मावशी म्हणाल्या. "पण मी गुहेला बोललेय."

यावर वाद झाला. आम्हांला काकांचं म्हणणं पटलं होतं, अजूनही पटतं. पण नवस त्यांचा. परतताना बसमध्ये मावशींनी भेंडी खाली ठेवली, नारळाची पिशवी मांडीवर घेतली.

पेसाखनंतरच्या एका बुधवारी दुसरी बस सांगितली आहे. या वेळी नातू स्वतः त्यांना पायऱ्या चढवायला येणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपले डबे आणावेत.