यूदाचे नाक

व्यंगचित्रातील चेहऱ्याला फार थोडे साहित्य पुरते. एक वर्तुळ, दोन ठिपके, दोन भुवया आणि ओठांची एक रेघ. भुवयांची नाकाकडील टोके खाली ओढली की क्रोध प्रकटतो. तीच टोके वर उचलली की विषाद. ओठांचे कोपरे वर नेऊन भुवया मात्र रागाच्याच ठेवल्या, तर कपटी हास्य उमटते. आर. के. लक्ष्मण यांचा १९५१ साली अवतरलेला 'कॉमन मॅन' कधीच बोलला नाही. चष्म्यावर चढलेल्या भुवयांनीच त्याचे सारे भाष्य केले.

ही किमया शास्त्रशुद्ध रीतीने मांडली ती जिनिव्हाच्या रोडॉल्फ टोफर या शाळामास्तराने. दृष्टिदोषामुळे चित्रकार होण्याचे त्याचे स्वप्न विरले. पण गंमत म्हणून रेखाटलेल्या चित्रकथांनी त्याचे नाव राखले. १८४५ सालच्या निबंधात त्याने चेहऱ्यावरील खुणांचे दोन वर्ग पाडले. कपाळ, नाक, हनुवटी यांची घडण ही स्थायी खूण. हसू, आसू, भय, संताप या अस्थायी. अस्थायी खुणा मनातील भाव सांगतात. स्थायी खुणांवरून कुणाचे शील ठरवू गेल्यास फसगत होते, असा त्याचा निर्वाळा. (कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्यांचे तेव्हा पेव फुटले होते!)

हा भेद आम्हांस कलेइतकाच धर्माच्या दृष्टीनेही मोलाचा वाटतो. आमच्या धर्मग्रामातील मुले प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या दुःखसहनाची चित्रकथा काढतात. पेत्राचे रडणे, पिलाताची चलबिचल ती सुरेख टिपतात. यूदाची पाळी आली की मात्र भाव बाजूला राहतो आणि नाक पोपटाच्या चोचीसारखे वाकते. मुलांच्या मनी पाप नसते. परंतु त्या नाकाला इतिहास आहे. न्यूरेम्बर्गच्या 'डेर श्ट्युर्मर' या साप्ताहिकाने १९२३ ते १९४५ या काळात हेच नाक यहुदी माणसाच्या तोंडावर चिकटवले. तो माणूस हसो वा रडो, त्याचा अपराध नाकातच कोरलेला. त्या द्वेषाची परिणती साठ लाख यहुद्यांच्या हत्येत झाली. आणि ते नाक काही त्या साप्ताहिकाने शोधून काढले नव्हते. ख्रिस्ती युरोपच्या चित्रांत ते शतकानुशतके होते. प्रभूच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी लोकांच्या माथी मारू नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. शिवाय प्रभू यहुदी, बाराही प्रेषित यहुदी. मग एकट्या यूदाचेच नाक वाकडे का?

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पाहावा. तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल, असे प्रभू म्हणतो, तेव्हा शिष्य गोंधळून एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. यूदाचा चेहरा चारचौघांसारखाच असला पाहिजे. एरवी पेत्राला खूण करून विचारायला लावण्याची गरज काय होती? नुकतेच प्रभूने त्याचेही पाय धुतले होते.

अलीकडे एका मुलीने काढलेले शेवटच्या भोजनाचे चित्र आम्ही जपून ठेवले आहे. बाराही नाके एकाच वळणाची. यूदाच्या पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या, बुबुळे प्रभूकडे न वळता ताटाकडे वळलेली, ओठ मिटलेले. भुवई तिला साधत नसावी. खोडरबर फिरून फिरून तेथे कागद विरला आहे.