परीक्षेआधीचे वाचन

पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूने मानवशास्त्राच्या एम. ए. परीक्षेला कशासाठी बसावे, असे आमचे स्नेही विचारतात. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो. मानव म्हणजे काय, याचा विचार तेथे झाला. अमुक बेटावरची, अमुक गावची माणसे कशी जगतात, हे जाणण्याची ओढ मात्र उरली होती.

बाजारात मिळणाऱ्या टिपणवह्यांत व्याख्या व सनावळ्या असतात. त्या बाजूस ठेवून आम्ही आधी मूळ ग्रंथ हाती घेतले.

पहिला मॅलिनोव्स्की यांचा, १९२२ सालचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिले, तेथील भाषा शिकले. तेथील लोक होड्यांतून समुद्र ओलांडीत आणि शिंपल्यांचे लाल हार एका दिशेने, तर पांढरी कडी उलट दिशेने बेटोबेटी पोचवीत. मिळालेली वस्तू कायमची ठेवून घेण्याची रीत नव्हती. दुरून पाहणाऱ्यास हा खटाटोप निरर्थक वाटावा; जवळ राहणाऱ्यास त्यात मैत्री व प्रतिष्ठा दिसते. १९६७ साली मॅलिनोव्स्की यांची खासगी रोजनिशी प्रसिद्ध झाली. तिच्यात त्याच लोकांविषयीचा त्यांचा वैताग आढळतो. पाहणाराही माणूसच असतो, हे त्यावरून ध्यानी येते.

दुसरा ग्रंथ इव्हान्स-प्रिचर्ड यांचा, १९३७ सालचा. दक्षिण सुदानातील आझांदे लोकांच्या चेटूकविषयक समजुतींवरचा. हे लोक उन्हाच्या वेळी खांबांवर उभारलेल्या धान्यकोठाराच्या सावलीत बसतात. वाळवीने खांब पोखरले की कोठार कधी कोसळते. वाळवीचे काम त्यांना पुरते ठाऊक असते. परंतु हीच माणसे खाली बसली असता, ह्याच घटकेस ते का कोसळले? याचे उत्तर ते चेटकात शोधतात.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. तरुण मुलगा गेलेल्या घरी आम्ही जातो, तेव्हा आई विचारते, "फादर, माझाच का?" आजाराचे नाव डॉक्टरांनी तिला सांगितलेले असते. चेटकाचे उत्तर आमचे नव्हे. प्रश्न मात्र त्या माउलीचा आणि आझांद्यांचा एकच आहे. तो नीट ऐकून घेतल्यावाचून दिलेले उत्तर, शास्त्राला धरून असले तरी, दाराशीच थांबते.

तिसरा ग्रंथ इरावती कर्वे यांचा, भारतातील नातेव्यवस्थेवरचा, १९५३ सालचा. मामेबहिणीशी विवाह उत्तर भारतात सामान्यतः निषिद्ध, तर महाराष्ट्रातील अनेक जातींत तो रूढ, असे त्या दाखवितात. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे अशा विवाहास विशेष अनुमती लागते. एकच नाते, आणि त्याविषयी तीन दंडक! आपले घरही अभ्यासाचे क्षेत्र आहे, हे येथे उमगते.

आपल्या कुटुंबांतील जी मुले ही परीक्षा देणार असतील, त्यांना आमची एवढीच सूचना: टिपणे अखेरच्या महिन्यासाठी ठेवावीत, त्याआधी निदान तीन ग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत वाचावेत. मग प्रश्नपत्रिकेत 'चेटूक' वा 'नातेव्यवस्था' हा शब्द दिसताच व्याख्येच्या आधी माणसे आठवतील.