आवाजाच्या जोडीने

प्रकाशाच्या किरणाबरोबर धावत गेलो तर काय दिसेल, असा प्रश्न आइनस्टाइनला सोळाव्या वर्षी पडला होता. मला आपला आवाज पुरे. प्रकाश कुणालाच गाठू देत नाही. आवाज त्या मानाने माणसाळलेला. २० अंश तापमानाच्या हवेत तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. नदीच्या पैलतीरावर कुणी धुणं आपटत असलं की हात खाली आलेला आधी दिसतो, धप्प मागाहून ऐकू येतं. पात्र रुंद असेल तर पिळा पुन्हा वर उचलला जात असताना आधीचा आवाज अलीकडे पोचतो. मधल्या क्षणात तो पाण्यावरून एकटाच येत असतो. तेव्हा त्याची सोबत करता आली तर?

समजा, पेटीवर कुणी काळी एकचा सा धरून ठेवला आहे. त्या सुराने हवेत उठवलेल्या लागोपाठच्या दोन दाट पट्ट्यांत जेमतेम सव्वा मीटरचं अंतर. त्याच वेगाने मी निघालो, तर माझ्या शेजारी हवेचा एक दाट पट्टा, पुढे सव्वा मीटरवर दुसरा, मध्ये विरळ हवा. आणि सगळं जागच्या जागी थिजलेलं. कानाचा पडदा हलायचा तर दाब चढायला-उतरायला हवा. इथे चढ नाही, उतार नाही. सुराच्या इतक्या जवळ जाऊन मी ठार बहिरा!

हवाही बरोबर यायची नाही. मालगाडीला इंजिन लागलं की धक्का डब्यामागून डबा खडखडवत गार्डापर्यंत जातो. डबे वीतभर हलून तिथेच. हवेच्या कणांचं तसंच. पुढे जाते ती नुसती ढकल. मी तिच्याबरोबर धावू लागलो, तर मागे पडणारी सगळी हवा माझ्या तोंडावर आदळणार.

लांबचा प्रवास करायचा, तर मी २७ ऑगस्ट १८८३ ची सकाळ निवडेन. जावा-सुमात्राच्या मधल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सुमारे चार तासांनी, ४८०० किलोमीटरवरच्या हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर तो ऐकू गेला. लांबच्या वाटेवर आवाजातले तीक्ष्ण सूर हवा आधी गिळते, जड तेवढे तग धरतात. कडाडून निघालेला आवाज पोचेपर्यंत घुमणारा होतो. बेटावरचे पोलीस प्रमुख जेम्स वॉलिस यांना पूर्वेकडून मोठ्या तोफा धडाडल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी तशी नोंद केली.

लाट तिथे थांबली नाही. कानांना न कळणारी झाली, तरी पृथ्वीला वळसा घालत राहिली. पृथ्वीच्या पार पलीकडे, कोलंबियाच्या बाजूला चहूकडून एकवटली, तिथून उलटी पसरली. साधारण ३४ तासांत एक फेरी, अशा तीनहून जास्त फेऱ्यांची खूण जगभरच्या वायुभारमापकांवर उमटली.

एवढ्या वाटचालीत जोडीने धावणाऱ्याच्या वाट्याला काय आलं असतं? वेग, वारा आणि शेजारी दाबाची एक मुकी भिंत. तोफा ऐकल्या त्या वॉलिसनी, कारण ते आपल्या बेटावर होते आणि लाट त्यांना ओलांडून गेली. सूर कळायचा तर त्याला आपल्यावरून जाऊ द्यावं लागतं. त्या लाटेवर मला जागा मिळालीच, तर कोलंबियाचं तिकीट नको. मी तिच्या घटकाभर आधी रॉड्रिग्जला उतरेन.