बादलीची पहिली बुडी

माझ्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये नोंदलेली पहिली बुडी माझी नव्हती. ती आमच्या वडशाच्या घरामागच्या विहिरीत एका बादलीने मारलेली होती.

2017 च्या दिवाळीआधी ते यंत्र कुरिअरने आले. मालवणला निघायला अजून आठ दिवस होते, पण तेवढा धीर कुणाला! शाळेतून आलो, कपडेही न बदलता ते बादलीच्या तळाशी ठेवले, वर दोन किलोचे माप ठेवले, दोराला मीटरपट्टीने मोजून सहा मीटरवर लाल चिंधी बांधली आणि चिंधी पाण्याला टेकेपर्यंत बादली सोडली. पाऊस नुकताच सरला होता, विहीर भरलेली होती. तेवढ्यात मासळी घेऊन आमच्याकडचे नेहमीचे ढिवर मामाजी आले. साठी ओलांडलेला माणूस, वैनगंगेच्या पाण्यात जन्म गेलेला.

‘‘का करून रायले जी मास्तर? विहिरीत गळ टाकले का?’’

मी सांगितले, घड्याळ सोडलेय, पाणी किती खोल आहे ते सांगते.

ते हसले. ‘‘दोर तर तुमच्याच हातात आहे नं जी.’’

अकरा मिनिटांनी बादली वर काढली. पडद्यावर कमाल खोली 5.8 मीटर. दोर सांगत होता सहा. मला आधी यंत्र सदोष वाटले, मग स्वतःचीच लाज वाटली, कारण हा धडा मी दरवर्षी नववीला शिकवतो. यंत्र खोली मोजतच नाही, ते दाब मोजते आणि त्यावरून खोली काढते. ते समुद्रासाठी लावलेले होते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण तीन टक्के जड, म्हणून विहिरीतले सहा मीटर त्याला 5.8 दिसले. दोर खरा होता आणि यंत्रही खरे होते.

गंमत पुढची होती. बादली कोरडी झाल्यावरही पडद्यावर विमानाची बारीक खूण होती, शरीरात जादा नायट्रोजन आहे, इतक्यात विमानात बसू नका. कुणाच्या शरीरात? बादलीच्या! या यंत्राला फक्त दाब आणि वेळ कळतो. ते कुणाला बांधले आहे, माणसाला की दोराला, माणूस असेल तर तो धापा टाकतोय की निवांत आहे, रात्री झोपला होता की एसटीत बसून आला होता, याचा त्याला पत्ता नसतो. ते एक कल्पित शरीर धरून हिशेब करत राहते. त्या शरीराचे सोळा कप्पे झुरिकच्या ब्युहलमन या डॉक्टरांनी मांडले. काही कप्पे पोह्यांसारखे, पाणी लागले की भिजले. काही हरभऱ्यासारखे, रात्रभर ठेवा तेव्हा कुठे फुगतात. सर्वात चपळ कप्पा चार मिनिटांत अर्धा भरतो, सर्वात आळशी 635 मिनिटांत. हे सगळे सुरू झाले बकऱ्यांवरून. जॉन हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी बकऱ्या दाबाच्या टाकीत कोंडल्या, बाहेर काढल्यावर कुठली बकरी दुखरा पाय उचलून धरते ते पाहिले आणि 1908 मध्ये पाणबुड्यांसाठी पहिली कोष्टके छापली. कोष्टकाची अडचण अशी की तुम्ही एक मिनिट अठरा मीटरवर गेलात आणि बाकी वेळ आठवर काढलात तरी ते सगळी बुडी अठराचीच धरते. 1983 च्या सुमारास मनगटावर बांधायची नाहीतर हातात धरायची यंत्रे बाजारात आली आणि हिशेब दर काही सेकंदांना होऊ लागला.

आता मालवणचे खरे सांगायचे तर तिथे हा हिशेब कधी संपतच नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर मी बहुतेक वेळा सहा ते दहा मीटरवर असतो. दहा मीटरला कोष्टकाची मुदत, म्हणजे वाटेत न थांबता थेट वर येता येईल तेवढा वेळ, 219 मिनिटे आहे. तेवढ्यात सिलिंडर दोनदा संपेल आणि मी थंडीने कुडकुडेन. यंत्रावर उरलेल्या वेळेच्या जागी बहुतेक वेळ नुसते 99 दिसत राहते. माझा एक पुण्याचा मित्र याच मुद्द्यावर वाद घालतो, मग वीस-पंचवीस हजार पाण्यात कशाला घालायचे? मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला अठरा मीटरवर गेलो की तो गप्प होतो, तिथे कोष्टक 56 मिनिटांवर थांबते. पण मालवणलाही मी यंत्र काढून ठेवत नाही, आणि त्याचे कारण खोली नाही, चढणे आहे. दहा मीटरवरून वर येताना फुप्फुसातली हवा दुप्पट जागा मागते. वीसवरून दहावर येताना ती दीडपटच फुगते. म्हणजे घाई सर्वात महाग पडते ती उथळात, जिथे पोहणाऱ्याला वाटते आता काय, आलेच की वर. मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या वर गेलो की मनगटावर टीं टीं सुरू होते. तो आवाज मी पैसे देऊन विकत घेतला आहे असे मानतो.

कोणता डाइव्ह कॉम्प्युटर घ्यावा हे शाळेतले सहकारी मला मोबाइल कोणता घ्यावा तसे विचारतात. पाण्यात कधीच न उतरणारेही विचारतात. माझी उत्तरे फार शहाणपणाची नाहीत. पन्नाशीनंतर आकडे मोठे हवेत, बस्स. काचेच्या मुखवट्यातून पाण्यात सगळे मोठे दिसते म्हणतात, दिसतेही, पण पाऊस संपल्यावर मालवणच्या गढूळ पाण्यात दोन मीटरवरचा जोडीदारच दिसत नाही तिथे रंगीत पडद्याचे काय घेऊन बसलात. सिलिंडरचा दाब बिनतारी दाखवणारी जोड मी घेतली नाही. नळीच्या टोकाची काट्याची चकती पुरते, आणि पन्नास बारला वर यायचे हे लक्षात ठेवायला यंत्र लागत असेल तर पाण्यात उतरूच नये. सोबत्याचे यंत्र कोणत्या स्वभावाचे आहे ते मात्र आधी विचारावे. शिअरवॉटर कंपनीचे यंत्र ब्युहलमनचे गणित करते आणि ते किती सैल-घट्ट ठेवायचे ते आपल्याला ठरवू देते, सुंतोची जुनी यंत्रे वेगळ्या पद्धतीने जातात. दोघे एकाच पाण्यातून एकत्र वर येता, पण दोन मनगटांवर दोन मुदती असतात. जो आधी चल म्हणेल त्याचे ऐकायचे, घरी लग्नाच्या खरेदीला गेल्यावर ऐकतो तसे.

बॅटरीबद्दल मात्र बोलायचे आहे, कारण त्यात माझी फजिती आहे. स्वतःला बदलता येईल अशीच बॅटरी हवी हा माझा हट्ट. वडशाच्या बाजारात घड्याळवाल्याकडे 2032 हमखास मिळते. माझ्या यंत्राला 2450 लागते, ती नागपूरहून आणावी लागते. दुसऱ्या वर्षी आणली, ओट्यावर बसून झाकण उघडले, ओ-रिंगला सिलिकॉनचे ग्रीस बोटाने लावले, नाण्याने झाकण फिरवून बंद केले. काम इतके नीट झाले की शेजाऱ्याला बोलावून दाखवले. मालवणला सात मीटरवर गेलो आणि काचेच्या आत, आकड्यांच्या मागे, एक थेंब हलताना दिसला. मी हात तिरका केला की तो तिरका होई. आकडे अजून दिसत होते, पण मी सोबत्याला अंगठा वर करून दाखवला आणि सावकाश वर आलो. होडीत झाकण उघडले तर ओ-रिंगवर आडवा एक पांढरा केस. माझाच. ग्रीसला चिकटून आत गेलेला. सुकवल्यावर यंत्र वाचले. आता बॅटरी बदलताना मी डोक्याला रुमाल बांधतो, आणि बायको विचारते, पूजा आहे का.

त्या दिवशीच्या नोंदीत मी एकच शब्द लिहिला आहे: ‘केस.’

नोंदी ठेवाव्यात की नाही यावर पाणबुड्यांत दोन तट आहेत. मी तारकर्लीला शिकलो, तिथे शिकताना नोंदवही भरून घेतात, शिक्षकाची सही घेतात. पुढे डाइव्हमास्टर व्हायचे तर साठ बुड्या दाखवाव्या लागतात. पण तसले काही व्हायचे नसेल तर? पुण्याचा मित्र म्हणतो, यंत्र सगळे लिहून ठेवते, घरी आल्यावर वायर लाव, आलेख काढ. त्याच्या लॅपटॉपवर सबसरफेस आहे. लिनक्सवाले लिनस तोरवाल्ड्स स्वतः पाणबुडे, मनासारखे नोंदीचे सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी 2011 मध्ये स्वतःच लिहायला घेतले. मी त्याचे आलेख पाहिले आहेत. सुंदर असतात. पण बादलीचा आलेखही तितकाच सुंदर येतो.

मला उत्तर सापडले ते गल्लीतच. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचे गाव, बाजारात कंपन्यांच्या बुकिंग ऑफिसांचे बोर्ड लागलेले. धान कापून झाला की मंडई भरतात, रात्र रात्र नाटके चालतात, आणि दुर्दैवाने माझाही समुद्राचा मोसम तोच. शेजारी एका कंपनीचे मॅनेजर राहतात. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या डायऱ्या आहेत. एकदा चाळायला मागितल्या. गाव, मैदान, बिदागी, आणि खाली एखादी ओळ. दुसऱ्या अंकात लाइन गेली. स्टेजचा डावा कोपरा हलते, नाचाच्या वेळी सांभाळणे. परतताना नाल्यावर गाडी फसली, पुढच्या सालाला दुसरा रस्ता. कितीतरी पानांवर मात्र गाव आणि पैसे सोडून काहीच नाही. मी विचारले, हे कोरे का?

‘‘चांगला झाला खेळ. आता त्याचे का लिहाचे?’’

तेव्हापासून माझी वहीही तशीच झाली. मालवणला मासे काय दिसले ते मी लिहीत नाही, ते सगळ्यांना दिसतात. ‘3 मिमी सूट, शिसे 6 किलो, जास्त. तळाला घासत गेलो. पुढे 5.’ पुढच्या हंगामात होडीवरच्या पोराने सवयीने आठ किलोचा पट्टा कमरेला लावायला घेतला, तेव्हा मी वही उघडून दाखवली. त्याने पान वाचले, माझ्याकडे वरून खाली पाहिले आणि निमूट तीन किलो काढले. ‘डावा कान 4 मीटरला अडला. सर्दी होती, उतरायला नको होते.’ ही ओळ तीन वेगवेगळ्या वर्षी जवळपास त्याच शब्दांत आहे. यंत्राच्या आलेखात तिथे फक्त रेघ थोडी वर जाऊन परत खाली आलेली दिसते.

एक नोंद नुसती ‘घाट’ अशी आहे. शेवटच्या दिवशी दुपारी दोन बुड्या मारून आम्ही संध्याकाळी जीपने कोल्हापूरला निघालो. आंबोली जवळजवळ सातशे मीटर उंच. धुक्यात वळणे घेताना बाहीखाली यंत्र दिसले, विमानाची खूण तशीच. विमान नव्हते, पण शरीराला काय, हवा विरळ झाली म्हणजे झाली. अनेक दिवस बुड्या मारल्यावर अठरा तास उंचावर जाऊ नये हा नियम मला तोंडपाठ होता. तो फक्त विमानतळावर लागू होतो असे मी का धरले कोण जाणे. काही झाले नाही. उथळ बुड्या होत्या. रेल्वेने गेलो तरी कसाऱ्याचा घाट आहेच. आता शेवटचा दिवस मी कोरडा ठेवतो, बाजारात सोलं आणि काजू घेतो.

मामाजी अजून येतात. 2020 च्या ऑगस्टमध्ये गोसीखुर्दचे पाणी सुटले, वैनगंगा ब्रह्मपुरीकडे आणि आमच्याकडे शेतांत घुसली, तेव्हा त्यांचा डोंगा वाहून गेला. पुढच्या मोसमात दुसरा केला. पुलाजवळच्या डोहात किती पाणी, विचारले तर अजून हात वर करून सांगतात, दोन पुरुस. त्यांनी किती वेळा बुडी मारली ते कुणी मोजले नाही. एक कान ऐकू येत नाही, तो कुठल्या सालापासून तेही त्यांना सांगता येत नाही.

मागच्या दिवाळीत यंत्र चाळत होतो. माझ्या यंत्रात साधारण पन्नास तासांच्या बुड्या मावतात, पुढे जुनी पुसून नवी लिहिली जाते. यादी मागे मागे नेत तळाशी गेलो तर पहिली बुडी मालवणची, 7.4 मीटर. विहीर गेली होती. इतकी वर्षे यंत्राचा आकडा माझ्या वहीपेक्षा एकने पुढे असायचा आणि दर वेळी मी तो वजा करत असे.

वहीच्या पहिल्या पानामागे थोडी जागा होती. तिथे लिहिले: ‘क्र. 0. विहीर, वडसा. 5.8 मी., खारे पाणी लावलेले. 11 मिनिटे. जोडीदार: बादली. मी वर.’ सहीची जागा मामाजींपुढे केली. त्यांनी दोर कुठे आहे विचारले, आणि अंगठा उठवला.